बंद खिडक्यांमागची गिटार

सोलेदादच्या घराच्या खिडक्या दुपारी तीनच्या सुमारास बंद असतात, ही बातमी पूल ओलांडून मांदाउएला तिच्या मुलीकडे, मर्लिताकडे पोचली आणि तिथून त्याच संध्याकाळी समुद्र ओलांडून कागायानला मुलाकडे, क्रिस्पुलोकडे गेली. बातमीचा उगम म्हणजे समोरच्या घरातली इस्का. आबुनोच्या त्या गल्लीत घरटी एक तरी गिटार बनवणारा होता; उतरलेला सूर तिथे कोंबड्यांनाही कळतो असं माक्तान बेटावर गमतीने म्हणत, आणि इस्का तर जाणती बाई. तिने कळवलं ते असं: आत गिटार वाजते, अंग फणसाच्या लाकडाचं आहे, तारा जुन्या आहेत, वाजवणारा अगदी नवशिका असून बार कॉर्डपाशी, एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या जागी, येऊन रोज अडखळतो.

निरीक्षणं सगळी बिनचूक होती. निष्कर्ष तेवढा चुकला होता. तेरिओ तुमुलाक वारून वर्ष भरायच्या आतच त्याच्या विधवेला, सोलेदादला, कुणीतरी गिटार ऐकवायला येतो, असं इस्काने ठरवून टाकलं, आणि सोलेदादच्या दोन्ही मुलांना ते लगेच पटलं.

सोलेदादने गावच्या शाळेत निवृत्तीपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं होतं. मोजमाप अचूक असूनही उत्तर चुकतं तेव्हा कुठेतरी एक न मांडलेलं गृहीतक असतं, हे ती दरवर्षी नव्या वर्गाला सांगायची. इथलं गृहीतक तिला ताबडतोब सापडलं. गल्लीतल्या बायका लाकडाला पॉलिश करत, शिंपल्याचे तुकडे जडवत, तारा बांधत. वाजवत मात्र पुरुष. बाईच्या घरातून गिटार ऐकू आली म्हणजे तिच्यापुढे कुणी पुरुष बसलेला असणार, याखेरीज दुसरी शक्यता त्या गल्लीने आजवर विचारात घेतली नव्हती.

खरं सांगून टाकणं सोपं होतं. पण सोलेदादने दोन्ही पर्याय तोलून पाहिले आणि तिच्या असं लक्षात आलं की, तुमुलाकांच्या घरात सासष्टाव्या वर्षी चाहता असणं ही एक वेळ खपणारी गोष्ट आहे. बार कॉर्ड न जमणं नाही.

शिवाय वर्षभराच्या सुतकाचा प्रश्न होता. माणूस गेला की घरच्यांनी छातीशी काळी फीत टाचायची, आणि वर्षाच्या दिवशी ती उतरवली जाईपर्यंत घरात गाणं-वाजवणं करायचं नाही. त्या उतरवण्याला हुबकास म्हणत. सोलेदादचा या नियमावर विश्वास नव्हता. आवाजाला वाहून न्यायला हवा लागते आणि ऐकायला कान. तेरिओपाशी आता दोन्हीही नव्हतं. तरी ती खिडक्या लावून घ्यायची. हे शेजाऱ्यांच्या भावना जपण्यासाठी, असं तिने स्वतःला समजावलं होतं. मग वाजवताना ती तेरिओच्या फोटोकडे पाठ करून का बसते, याचा खुलासा मात्र तिने स्वतःकडे मागितला नव्हता.

हुबकासच्या दिवशी सकाळी चर्चमधून परतल्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी प्रार्थना म्हटली, आणि इस्कानेच पुढे होऊन सोलेदादच्या ब्लाउजवरची काळी फीत सोडवली. सोडवताना ती कानाशी पुटपुटली, "झालं बरं. आता उघडपणे येऊ दे त्याला."

"कळवते त्याला," सोलेदाद म्हणाली.

जेवणं झाली. भाजलेल्या डुकराची खरपूस कातडी सगळ्यात आधी संपली, नारळाच्या पात्यांत शिजवलेल्या भाताच्या पुरचुंड्या त्यानंतर. बायका उरलेलं डब्यांत भरून घेऊन गेल्या. गल्लीकडे खिडक्या असलेल्या पडवीत, जिथे तेरिओ काम करायचा, तिथे चौघं उरली: सोलेदाद, तिची दोन मुलं आणि तेरिओचा धाकटा भाऊ तास्यो. तास्योने भावाच्या शेजारी बसून उभा जन्म गिटारी घडवल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात झटका आल्यापासून त्याचा उजवा हात त्याच्या नावावर होता, पण ताब्यात नव्हता. पडवीत अजूनही फणसाच्या भुशाचा गोडसर वास येत होता. भिंतीवर तेरिओच्या फोटोखाली खिळ्याला त्याची शेवटची गिटार टांगलेली होती, पॉलिश झालेली, बिनतारांची.

"कोण आहे तो?" क्रिस्पुलोने आईला विचारलं.

"कोण?"

"नानाय, मी पहाटे बोटीतून उतरलोय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उगाच कोडी घालू नकोस."

"पेद्रिंग असेल," तास्यो म्हणाला. "बायको गेल्यापासून तो कुणाच्याही घरचं जेवण चुकवत नाही."

"तियो, काहीतरीच काय," मर्लिता म्हणाली. "पेद्रिंगची दोन बोटं करवतीने नेली ना?"

"म्हणूनच बार कॉर्ड लागत नाही त्याला."

सोलेदादने रिकामं ताट उचलून चेहऱ्यासमोर धरलं आणि त्यावर काही चिकटलं आहे का ते फार बारकाईने पाहिलं.

"हसतेयस तू," क्रिस्पुलो म्हणाला. "गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नाही, आणि तू हसतेयस."

"तू गल्लीत राहतोस कुठे? तोंड दाखवायचं काम इथे मीच करते."

"मानोय, तू जरा गप्प बस," मर्लिता मध्ये पडली. थोरल्या भावाला ती फक्त अशाच वेळी गप्प बसवायची, कारण पुढचं वाक्य त्याच्याच बाजूचं असायचं. "नानाय, आम्हाला राग नाही आलेला. म्हणजे आलाय, पण तो मुद्दा नाही. तू एकटी आहेस. माणूस चुकतो एकटेपणात. निदान वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस."

"आज झालं की वर्ष."

"बघ!" क्रिस्पुलो बहिणीकडे वळला. "मी काय सांगत होतो?"

त्याने शर्टाच्या खिशातून एक लिफाफा काढला. डाव्या करंगळीचं नख त्याने बोटाच्या पेराएवढं वाढवलं होतं. जहाजावरची नोकरी सोडून कागायानला नळ-पाइपांचं स्वतःचं दुकान टाकल्यापासून ते नख तो हौसेने सांभाळत होता. या हाताला आता कष्टाची कामं करावी लागत नाहीत, हे सांगण्याची ती एक पद्धत होती. त्याच नखाने त्याने लिफाफा फाडला.

"उद्या संध्याकाळची बोट. दोन तिकिटं. वरची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय. एसी आहे. नातवंडं आहेत. हे घर बंद करू, तियो अधूनमधून नजर ठेवतील."

"एका हाताने जेवढी ठेवता येईल तेवढी," तास्यो म्हणाला.

सोलेदाद तिकिटांकडे पाहत राहिली. मुलगा वाईट नव्हता. खोली त्याने खरंच रंगवली असणार, आणि तिला आवडतो तोच फिकट हिरवा रंग शोधून आणला असणार. कागायानला सगळं होतं. फक्त वाईट वाजवायला जागा नव्हती. तिथे कुणी ना कुणी सतत घरात असणार. पहिल्या चुकीच्या सुराला सून कौतुक करणार, दुसऱ्याला नातवंडं हसणार, आणि आठवडाभराने ती गिटार कपाटावर चढणार. आजी झालेल्या बाईला सगळे जण सांभाळतात, पण नवशिकी होऊ देत नाहीत.

आणि ती ओळ अर्धीच राहणार.

त्या ओळीला गल्लीत सुलाय म्हणत. नवी गिटार तयार झाली की घडवणारा ती एकदा वाजवून बघायचा. प्रत्येक तार, मानेवरचा प्रत्येक पडदा एकदा तरी बोटाखाली यावा, कुठे खरखर असेल तर तिथल्या तिथे कळावी, अशा बेताने रचलेली स्वरांची एक लांब ओळ. प्रत्येकाची वेगळी. सुलाय झाल्याशिवाय वाद्य उंबरठ्याबाहेर पडायचं नाही. सोलेदादने लग्न झाल्यापासून तेरिओची सुलाय ऐकली होती: वह्या तपासताना, मासे साफ करताना, तापात पडलेली असताना. तो गेल्यावर माणूस नाही हे तिला महिन्याभरात पटलं. ती ओळ नाही हे पटेना. मग तिने माळ्यावरची एक गिटार खाली काढली. मान किंचित वाकडी निघाली म्हणून तेरिओने ती नापास केली होती, आणि का कुणास ठाऊक, फोडली नव्हती. फोनवरच्या व्हिडिओंमध्ये ब्राझीलमधला एक तरुण गिटार शिकवायचा. त्याची भाषा तिला कळत नव्हती, बोटं कळत होती. पहिले काही आठवडे बोटांची टोकं इतकी हुळहुळायची की मिठाचं पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. नंतर कातडी घट्ट झाली. सूर मात्र मऊ झाला नाही.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठीच, म्हण हवं तर."

क्रिस्पुलो उठून पडवीच्या कडेला जाऊन उभा राहिला. रागावला की तो पाठमोरा होतो, ही तेरिओचीच सवय होती. बापाशी उभ्या जन्मात त्याचं पटलं नाही, पण पाठ अगदी बापाची होती. मर्लिता आईजवळ सरकली. तिने आईचा डावा हात दोन्ही हातांत धरला, समजुतीची भाषा सुरू करायला.

"नानाय, ऐक माझं. तो कुणीही असला तरी..."

आणि ती थांबली. तिचा अंगठा आईच्या बोटांच्या टोकांवरून फिरला, परत मागे आला, पुन्हा फिरला. ती गिटार घडवणाऱ्याच्या घरात वाढलेली मुलगी होती; तिला वाकून पाहावं लागलं नाही. चार बोटं, चारही टोकांना घट्टे, पहिल्या बोटाच्या कडेला आणखी एक, आडवा.

मर्लिताने आईकडे पाहिलं. आईने ताटाकडे.

"मानोय," मर्लिता हळूच म्हणाली, "तो माणूस सापडला मला."

"कुठाय?" क्रिस्पुलो गर्रकन वळला.

"हा काय. हातात धरलाय मी."

तास्योला आधी कळलं. डाव्या हाताने गुडघा धरून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. क्रिस्पुलो एकदा बहिणीकडे, एकदा आईच्या हाताकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचा राग उतरला, पण त्या जागी काय बसवावं हे त्याला सुचेना.

"तू?" तो म्हणाला. "सासष्टाव्या वर्षी?"

"पासष्टाव्या वर्षी सुरू केलं. सासष्टाव्या वर्षी जमत नाहीये."

"मग सांगितलं का नाहीस? इस्का काय काय बोलत होती, आणि तू..."

"इस्का फक्त चारित्र्याबद्दल बोलत होती. खरं कळलं असतं तर माझ्या बोटांबद्दल बोलली असती."

"हे मात्र बरोबर," तास्यो डोळे पुसत म्हणाला. "ह्या गल्लीत चारित्र्याला माफी आहे."

मर्लिता भावाच्या बाजूने उठून कधी आईच्या बाकड्यावर येऊन बसली होती, ते तिचं तिलाही कळलं नसावं. "काय शिकलीस?" तिने विचारलं. "कुठलं गाणं?"

सोलेदादने खिळ्यावरची गिटार उतरवली, तेरिओच्या खणातून तारांचं नवं पाकीट काढलं आणि बसून तारा बांधायला घेतल्या. हे काम तिला डोळे मिटून येत होतं. या घरातून बाहेर पडलेल्या जवळजवळ प्रत्येक गिटारीच्या तारा तिने बांधल्या होत्या, सुरात लावल्या होत्या आणि मग वाद्य नवऱ्याच्या मांडीवर ठेवून ती आपल्या वह्यांकडे परत गेली होती. सहावी तार लागली तेव्हा सवयीने तिचे हात पुढे झाले, वाद्य देण्यासाठी. समोर कुणी नव्हतं. तिने ते मागे घेतलं.

"मर्लिता, खिडक्या उघड," ती म्हणाली. "हुबकास झालंय."

खिडक्या उघडल्या. समोर इस्का सकाळीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होती.

सोलेदादने वाजवायला सुरुवात केली. चाल सावकाश होती; नाडी तपासताना माणूस मोजतो तशी. पण तिसऱ्या स्वरालाच तास्योचं हसणं थांबलं आणि क्रिस्पुलो खांबाला टेकला. खालच्या तारेवरून चढत, प्रत्येक पडद्यावर पाय ठेवत ओळ वर निघाली. मधे एक लहानसं वळण घेतलं. मग बार कॉर्ड आला. तिने पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबलं, आणि सहापैकी दोन तारा लाकूड आपटल्यासारख्या ठप्प वाजल्या.

समोरच्या अंगणातला खराटा थांबला.

"परत," तास्यो म्हणाला.

तिने परत सुरुवात केली. परत तिथेच अडली. क्रिस्पुलो म्हणाला, "राहू दे नानाय, कळलं आम्हाला," आणि त्याच्या आवाजात चीड नव्हती. तेच तिला जास्त लागलं.

"कळलं नाही. पूर्ण झालं नाही तर काय कळणार?"

"मानांग," तास्यो वहिनीला म्हणाला, "ती नापास गिटार घेऊन शिकलात ना तुम्ही? वाकड्या मानेची? तिच्या तारा उंच आहेत. त्या सवयीने तुम्ही हिचा गळा आवळताय. ही तेरिओची आहे. हिला एवढं दाबावं लागत नाही."

तिने बोट सैल केलं. इतकं सैल, की हे चालणार नाही अशी तिची खात्री होती. तिसऱ्या वेळी ओळ वर चढली, वळण घेतलं, आडवं बोट ठेवलं, आणि सहाही तारा वाजल्या. मग ओळ उतरत खाली आली आणि जिथून निघाली होती त्याच जाड तारेवर थांबली. कुठेही खरखर नव्हती. गिटार पास झाली होती.

मर्लिता रडत होती. तिला रडायला नेहमीच फार कमी कारण लागायचं, पण आज ते पुरेसं होतं.

"मधलं ते वळण," तास्यो म्हणाला, "तेही उचललंत तुम्ही."

"सुलायमध्ये आहे ते."

"नाही. आम्ही तरुण होतो तेव्हाची सुलाय मला पाठ आहे. त्यात ते नव्हतं. तिथले सगळे पडदे आधीच तपासून झालेले असतात, त्या वळणाने काहीच तपासलं जात नाही. मी एकदा विचारलं त्याला, हे फुकटचं कशाला घातलंस? म्हणाला, सोलेदाद वह्या तपासताना गुणगुणते ते."

"मी गुणगुणत नाही," सोलेदाद म्हणाली.

"गुणगुणतेस," मर्लिता म्हणाली.

"इतक्या वर्षांत मला एकदाही ऐकू आलं नाही."

"स्वतःचं घोरणं तरी ऐकू आलंय का?" तास्योने विचारलं.

"याला पुरावा म्हणत नाहीत, तास्यो. तेरिओ नाहीये. तुमची आठवण, तीही ऐकीव. त्याने गंमत केली असेल. किंवा बोटांना विसावा म्हणून..."

खांबापासून कुणीतरी गुणगुणलं. पाच स्वर, शेवटचा थोडा लांबवलेला. तेच वळण, अगदी जसंच्या तसं. सोलेदादने मान वळवली. क्रिस्पुलो जमिनीकडे बघत होता.

"हे आता गिटारीवर ऐकलंस म्हणून," ती म्हणाली.

"नाही. लहानपणी मी या टेबलाखाली झोपायचो, आठवतं? तू वर वह्या तपासायचीस. हे चालू असायचं. मधेच थांबलं की मला कळायचं, कुणीतरी नापास झालं." त्याने पायाने थोडा भुसा बाजूला सारला. "सुलायमध्ये ते आहे, हे मला माहीत नव्हतं. ताताय वाजवायला लागले की मी उठून जायचो."

सोलेदादने गिटारीच्या पोकळीवर तळहात ठेवला. तारा थांबल्या तरी लाकडात काहीतरी अजून हलत होतं. कंपनं विरायला वेळ लागतो, त्यात विशेष काही नाही. दोन स्वतंत्र साक्षी, एकमेकांशी न बोलता, एकच गोष्ट सांगत होत्या. वर्गात तिने हे मान्य केलं असतं. इथे मान्य करायला तिला जरा वेळ हवा होता. तिने मागे वळून तेरिओच्या फोटोकडे पाहिलं, आणि मग बाकडं थोडं फिरवून घेतलं, फोटो समोर येईल असं.

क्रिस्पुलो येऊन तिच्यासमोर खाली बसला, भुशातच, दुकानदाराच्या इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता. तिकिटं अजून त्याच्या हातात होती.

"मी गिटार मागितली होती एकदा," तो म्हणाला. "बारा-तेराचा असेन. ताताय म्हणाले, आधी तीन वर्षं पॉलिशपेपर घास. मी जहाजावर गेलो."

"माहीत आहे मला."

"शिकायला किती दिवस लागतात?"

"मला विचारशील तर अजून संपलेले नाहीत."

"कागायानला शिकवशील?"

"नाही," सोलेदाद म्हणाली. "शिकवणारी घर सोडत नाही. शिकणाऱ्याने यायचं. महिन्यातून एकदा बोट पकड, दुकान बुडत नाही त्याने."

मर्लिता आईच्या बाकड्यावरून म्हणाली, "मानोय, नानायचं तिकीट पुढच्या महिन्याचं, तुझ्या नावावर करून घे. मी बोलते बोटवाल्यांशी."

क्रिस्पुलोने तिकिटांची घडी केली आणि खिशात टाकली. मग हात पुढे केले. सोलेदादने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. आजवर तिने वाद्य दिलं ते फक्त एकाच माणसाला. क्रिस्पुलोने डावा हात मानेखालून गुंडाळला, अवघडून, चोरी करताना पकडल्यासारखा.

"पहिलं बोट कुठे?"

ती पुढे वाकली. त्याचा हात उचलून तिने उजेडात धरला आणि एकेक बोट पाहिलं. सगळ्या टोकांची कातडी मऊ होती, नव्या वहीसारखी.

"आधी ते नख काप," ती म्हणाली.

क्रिस्पुलोने करंगळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. समोरच्या अंगणात खराट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

"मर्लिता," तो म्हणाला, "नेलकटर कुठंय बघ."